बाहुलीची बटणे पाठीवर का असतात?

मराठीत मुलीचे वय वर्षांत मोजण्याआधी कपड्यांत मोजले जाई. झबल्यातली पोर, परकरी पोर, आणि मग एके दिवशी 'तिला पदर आला'. हा शेवटचा वाक्प्रचार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पदर हा लुगड्याचा भाग; पण भाषेने तो देहात होणाऱ्या बदलाला दिला. मुलगी वयात आली हे सांगायचे, तर ती आता काय नेसणार एवढे सांगितले की पुरे. कपडा हेच वय.

म्हणूनच वयाशी न जुळणारा कपडा आपल्याला खटकतो. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर लहान मुलींच्या वाढदिवसाचे 'बार्बी फ्रॉक' दुकानांच्या दारात टांगलेले असतात. नेटचे थर, सॅटिनचा बो, मागे चेन. पाच वर्षांच्या मुलीने तो घातला की सगळे कौतुक करतात. तोच घाट एखाद्या वीस वर्षांच्या मुलीने अंगावर घातला, म्हणजे वर चढलेली कंबर, घेरदार झगा, गोल पांढरी कॉलर, फुग्याची बाही, केसांत मोठा बो, तर घरातला पहिला शेरा ठरलेला असतो : 'एवढी घोडी झालीस, आणि बाहुलीसारखी काय नटतेस?'

हा शेरा आपण प्रश्न म्हणून गंभीरपणे घेऊ. बाहुलीसारखा पोशाख म्हणजे नक्की कसला? तो तसा का दिसतो? आणि मोठ्या बाईने तो घातला की काय बदलते? उत्तराची सुरुवात परदेशी खेळण्यांपासून करण्याची सवय आहे. आपण ती आपल्याच घरातून करू.

साडीतून घडणारा देह

खान्देशात आकृतीला वस्त्र नेसवण्याची सर्वांत मोठी शाळा म्हणजे कानबाईचा उत्सव. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिचे विसर्जन होते. तिला घडीव मूर्ती नसते. नारळ हाच तिचा चेहरा. त्याला नथ, कुंकू, दागिने, आणि खाली साडी-चोळीचा साज. घरागणिक, भाऊबंदकीगणिक मांडणीत फरक पडतो. पण नारळाला बाईचे रूप देण्याची जबाबदारी सगळीकडे घरातल्या बायकांवरच असते.

कानबाईला कोणी बाहुली म्हणणार नाही आणि म्हणूही नये. ती देवी आहे. मात्र तिला नेसवण्याचे तंत्र पाहिले, तर बाहुलीच्या पोशाखाचे पहिले सूत्र तिथे सापडते. नारळाला खांदे नाहीत, कंबर नाही, पाय नाहीत. साडीला जिथे जिथे आधार लागतो, त्यांतली एकही जागा तिथे नाही. मग बायका उलटे काम करतात. देहावर साडी नेसवत नाहीत, साडीतूनच देह उभा करतात. निऱ्या आधी जमिनीवर घालून दोऱ्याने बांधायच्या, पदर आधीच काढून घडी घालून ठेवायचा, आणि मग हे तयार भाग टाचण्यांनी एकत्र आणायचे. बघणाऱ्याला बाई दिसते. आत नुसता आधार असतो.

भाद्रपदातल्या गौरींचेही असेच. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. मुखवटे मातीचे किंवा धातूचे. मुखवट्याखाली डब्यांची उतरंड, धान्य, नाहीतर अलीकडचे लोखंडी स्टँड. आता जरा हिशेब करू. सहावारी साडी लांबीला साधारण साडेपाच मीटर आणि रुंदीला एक मीटरहून थोडी अधिक. उभ्या बाईला कमरेपासून पावलांपर्यंत ही रुंदी बरोबर पुरते. पण दोन फुटी गौरीला कमरेखाली जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर उंची मिळते. म्हणजे साडीची रुंदी दुहेरी किंवा तिहेरी दुमडावी लागते. प्रत्येक निरीत कापडाचे दोन-तीन पदर येतात आणि त्या निऱ्या खाली लोळण्याऐवजी घंटेसारख्या बाहेर फाकतात. गौरीचा घेर नेसवणारीच्या घेरापेक्षा फुगीर दिसतो, तो यामुळे. तो फुगवटा कोणी शोभेसाठी योजलेला नाही. मोठ्या माणसाचे कापड लहान आकृतीवर बसवताना जे उरले, त्याचा तो फुगवटा आहे.

तिसरे उदाहरण भुलाबाईचे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली तिची गाणी म्हणतात. खान्देशात काही ठिकाणी तिला गुलाबाई म्हणतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. तिचे लुगडे मातीतच घडवलेले आणि रंगवलेले असते. ते बदलता येत नाही, सोडता येत नाही. मग सजण्याची सगळी हौस मुली स्वतःवर भागवतात. जळगावात अलीकडे भुलाबाई महोत्सव भरतो, त्यातही नटतात त्या मुलीच. म्हणजे आपल्याकडे दोन वेगळ्या भूमिका आधीपासून आहेत : कानबाईपुढची बाई ही सजवणारी असते, भुलाबाईपुढची मुलगी ही सजलेली असते. बाहुलीच्या पोशाखाचा सगळा वाद पुढे या दोन भूमिकांभोवतीच फिरतो.

बाहुली लहान होते, कापड होत नाही

देवघरातून भातुकलीकडे येऊ. खान्देश हा कापसाचा मुलूख. सरकी काढलेला मूठभर कापूस आणि शिंप्याच्या यंत्राखाली पडलेल्या चिंध्या एवढ्यावर इथे कैक पिढ्यांच्या बाहुल्या झाल्या. काळ्या दोऱ्याचे केस, टाक्यांचे डोळे, मण्याची नथ. अशा बाहुलीला लुगडे नेसवायला बसलेल्या प्रत्येक मुलीला एक अडचण आलेली असते. आईच्या अंगावर पाण्यासारखे पडणारे तेच कापड बाहुलीच्या अंगावर खोक्यासारखे उभे राहते. दोष मुलीच्या हातात नसतो, कापडात असतो.

हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल. एकाच सुती कापडाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक दोन इंच लांब आणि दुसरी वीस इंच. दोन्ही एका टोकाला चिमटीत आडव्या धराव्यात. लांब पट्टी लगेच वाकून खाली लोंबेल. आखूड पट्टी जवळजवळ सरळ राहील. कापडाचा ताठपणा दोन्हींत सारखाच आहे, पण लोंबणाऱ्या भागाचे वजन लांबीबरोबर वाढते. ज्याला आपण 'कापडाचा पडता' म्हणतो तो या वजनाचा खेळ आहे. बाहुलीच्या झग्याला वजनच नसते, म्हणून तो पडत नाही.

जाडीचेही तसेच. पॉपलिनचा एक थर पाव मिलिमीटर धरला, तर कमरेच्या पट्टीत दुमडलेले चार थर मिळून एक मिलिमीटर होतात. बाईच्या कमरेवर ही जाडी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण माणसाच्या एक षष्ठांश मापाच्या बाहुलीवर तो एक मिलिमीटर म्हणजे आपल्या कमरेवर सहा मिलिमीटर. म्हणजे जवळपास गोधडीच गुंडाळली म्हणायची. बार्बीची कंबर अशक्य वाटावी इतकी बारीक आहे, याचे एक कारण हेच सांगितले जाते : कपड्यांचे थर चढल्यावर ती बरोबर दिसावी.

आता बाहुलीच्या पोशाखाची एकेक खूण घेतली, की तिच्यामागची अडचण दिसू लागते. घेर फुगतो, कारण आखूड कापड ताठ राहते. कंबर काखेखाली सरकते, कारण बाळ-बाहुलीला पोट असते, कंबर नसते. शिवण पोटाच्या वरच घ्यावी लागते. बाही फुग्याची, कारण न वाकणारा हात आणि पसरलेली बोटे अरुंद बाहीतून जात नाहीत. गळ्याला गोल कॉलर किंवा लेस, कारण इतक्या छोट्या गळ्याची कड दुमडून साफ शिवणे कठीण. ती झाकलेलीच बरी. बटणे आणि नक्षी मोठी दिसतात, कारण साध्या छापील कापडावरची एक बुट्टी बाहुलीच्या छातीवर अख्खे फूल होऊन बसते.

आणि बटणे पाठीवर असतात, कारण बाहुलीचे डोके मोठे असते आणि हात ताठ. डोक्यावरून कपडा उतरत नाही, म्हणून तो एका बाजूने पूर्ण उघडा ठेवावा लागतो. पुढची बाजू बघण्यासाठी राखायची, तेव्हा उघडी बाजू पाठीकडे जाते. तिथे टिचबटण, हुक किंवा नाडी लावली तरी चालते, कारण ती लावायची आहे दुसऱ्या कुणाला तरी. बाहुली स्वतः कपडे घालत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

बाहुलीकडून बाईकडे

आपल्या चिंधीच्या बाहुलीत कपडा बाईकडून बाहुलीकडे जातो. आई जे नेसते त्याची छोटी नक्कल. उलटा प्रवास, म्हणजे बाहुलीचा कपडा पाहून बाईने शिवून घेणे, युरोपात फार आधी सुरू झाला. छापील फॅशनचित्रे सर्वत्र पोचण्यापूर्वी पॅरिसचे शिवणकार नव्या पोशाखात सजवलेल्या बाहुल्या परदेशी दरबारांत पाठवत. त्यांना 'पँडोरा' म्हणत. अठराव्या शतकात राणी मारी आंत्वानेतची शिवणकार रोझ बेर्तां हिच्याही बाहुल्या अशा फिरत. बाहुली ही तेव्हा खेळणे नव्हती, नमुना होती.

हीच युक्ती १९४५ साली पुन्हा उपयोगी पडली. युद्धाने पिचलेल्या पॅरिसमध्ये कापडाचा दुष्काळ होता. तिथल्या शिवणघरांनी तारेच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या करून त्यांना आपले नवे पोशाख चढवले आणि त्यांचे प्रदर्शन भरवले. 'तेआत्र द ला मोद', म्हणजे फॅशनचे नाट्यगृह, हे त्याचे नाव. पुढे ते परदेशांतही गेले. तारेचा सांगाडा, वरून संपूर्ण पोशाख. आत देह नाही, तरी बाई दिसते. लोखंडी स्टँडवर गौर उभी करणाऱ्या बाईला यातले काहीच नवे वाटणार नाही.

कापडाच्या टंचाईतूनच आणखी एक कपडा निघाला. १९४२ मध्ये अमेरिकेत सिल्व्हिया पेडलर हिने कापड वाचवण्यासाठी रात्रीचा झगा आखूड केला. १९५६ च्या 'बेबी डॉल' या चित्रपटानंतर त्या घाटाला तेच नाव कायमचे चिकटले. मग ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात बार्बी आली. तिचे पहिले कपडे आखणारी शार्लट जॉन्सन जपानात जाऊन राहिली होती, कारण ते इवले कपडे शिवण्याचे काम जपानी बायका करत होत्या. बार्बी ही लहान मुलीच्या हातातली पहिली बाहुली नव्हे, पण मोठ्या बाईच्या देहाची बाहुली घरोघर पोचवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा. तिला बाळासारखे मांडीवर घ्यायचे नव्हते. तिला फक्त कपडे बदलायचे होते.

त्याच जपानात, टोकियोच्या हाराजुकू भागात, १९८० आणि ९० च्या दशकांत तरुण मुलींनी बाहुलीचा पोशाख स्वतःच घालायला घेतला. गुडघ्यापर्यंतचा घंटेसारखा घेर, आत फुगवणारा परकर, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, लेस, बो, पायमोजे. या शैलीला 'लोलिता' म्हणतात. नाबोकोव्हच्या १९५५ च्या कादंबरीमुळे या नावाला नको तो वास येतो. पण पोशाख पाहिला तर तो अंग दाखवणारा नाही, नखशिखान्त झाकणारा आहे. तो घालणाऱ्या मुली सांगत आल्या आहेत की हे पुरुषांना आवडावे म्हणून नाही, आम्हाला आवडते म्हणून आहे. हा दावा खरा मानायचा की नाही? त्याचे उत्तर शोधायला मला हाराजुकूपेक्षा खान्देशाचा इतिहास जास्त मदत करतो.

लुगड्यातली पोर

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे लग्न १३ व्या वर्षी झाले आणि त्या जळगावला नांदायला आल्या. त्या काळी यात नवल काहीच नव्हते. १३ हे वय उशिराचेच मानणारी घरे तेव्हा होती. आठ-दहा वर्षांच्या मुलीला नऊ वार लुगडे नेसवले जाई. आठ मीटर कापड आणि चार फुटांचा देह. कंबरेला गोळा, खांद्यावर न राहणारा पदर, पायात अडकणारा काष्टा. गौरीवर जे घडते तेच इथे जिवंत पोरीवर घडे : मोठ्या माणसाचे कापड लहान आकृतीवर बसवणे. भातुकलीत बाहुला-बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी थोड्याच दिवसांत स्वतः त्या बाहुलीच्या जागी उभी राही. खेळ आणि आयुष्य यांतले अंतर जेमतेम एका परकराचे होते.

कायद्याने हे अंतर हळूहळू वाढवले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय १२ केले, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. या आकड्यांकडे कपड्यांच्या नजरेने पाहिले, तर त्यांचा अर्थ असा होतो की परकर आणि लुगडे यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी झाली. त्या मोकळ्या वर्षांना आधी कपडाच नव्हता. परकर-पोलके लहानपणाचे, साडी संसाराची; मधल्या वर्षांत काय घालायचे? फ्रॉक, स्कर्ट-ब्लाउज, मग पंजाबी ड्रेस, मग जीन्स, हे सगळे त्या रिकाम्या जागेत आले. बाहुलीसारखा झगाही त्याच जागेतला आहे.

म्हणून मला हा पोशाख जुन्या व्यवहाराची उलटी बाजू वाटतो. तेव्हा पोरीला बाईचा कपडा चढवला गेला आणि तिची वर्षे कापली गेली. आज एखादी तरुणी पोरीचा कपडा आपण होऊन चढवते आणि त्या वर्षांतले थोडे मागे घेते. पहिल्यात तिला कुणी विचारले नव्हते. दुसऱ्यात ती आपली आपण ठरवते आहे. 'एवढी मोठी झालीस' हा शेरा मारताना आपण हे विसरतो, की मोठे होण्याची घाई आपल्या मुलींनी कधीच केली नव्हती. ती त्यांच्या वतीने इतरांनी केली.

पोशाख जुळवताना

आता प्रत्यक्ष पोशाखाकडे येऊ. बाहुलीसारखे दिसणे म्हणजे गुलाबी रंग नव्हे. रंग शेवटी येतो, आधी प्रमाण. जे बाहुलीवर आपोआप घडते ते मोठ्या देहावर मुद्दाम घडवावे लागते, कारण आपल्या अंगावर कापड पडते. सगळी कारागिरी त्याला पडू न देण्यात आहे.

कापड ताठ हवे. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप इथे उपयोगाचे नाहीत. पॉपलिन, जाड सुती, कॉटन सॅटिन, टाफेटा, ऑर्गंझा चालतात. आपल्याकडचा खण तर या कामासाठीच विणल्यासारखा वाटतो; अंगचा ताठ, पन्ह्याला अरुंद, बुट्टी बारीक आणि काठ ठसठशीत. खणाचे फ्रॉक लहान मुलींसाठी बाजारात आलेच आहेत. तोच खण मोठ्या झग्याच्या योकला, कॉलरला किंवा बाहीला वापरला, तर बाहुलीपण राहते आणि झगा कुठल्या मुलखातला आहे तेही कळते.

घेरासाठी हिशेब सोपा आहे. कंबर २८ इंच असेल, तर घेराचे कापड त्याच्या अडीच ते तीन पट, म्हणजे ७० ते ८४ इंच घ्यावे आणि चुण्या घालाव्यात. चुण्यांखाली कॅनकॅनचा परकर लागतो. नेट उघडे ठेवले तर मांड्यांना टोचते, म्हणून त्याला आतून सुती अस्तर लावणे आवश्यक. पण जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा नेट आणि सॅटिन म्हणजे अंगावर भट्टीच. तिथे आजीचा उपाय कामी येतो. सुती झग्याला भाताच्या पेजेची खळ द्यावी, चुण्या ओल्या असतानाच बोटांनी बसवाव्यात आणि सावलीत वाळवावे. झगा उभा राहतो, वाराही लागतो. धुतला की ताठपणा जातो, हा त्याचा दोष म्हणा की गुण.

कंबरेची शिवण खऱ्या कंबरेपेक्षा दोन-तीन इंच वर घ्यावी. यामुळे वरचा भाग आखूड, खालचा मोठा दिसतो, आणि पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे जाते. बाहुलीचे डोके मोठे असते. माणसाचे करता येत नाही, तसा भास मात्र करता येतो. मोठा बो, कपाळावरची बट, रुंद हेअरबँड, आणि गळ्यालगत पांढरी गोल कॉलर. कॉलरला आतून बुकरम किंवा फ्युजिंग लावले नाही, तर ती दुसऱ्या धुण्यातच कान पाडते. बाही फुग्याची, पण इलॅस्टिक सैल हवे. दंडावर वळ उठवणारी बाही दिवसभर कुणी सोसू नये.

नक्षी मोठी घ्यावी. बारीक ठिपक्यांचे कापड मोठ्या देहावर साधे दिसते. रुपयाएवढे ठिपके किंवा रुंद चौकडा घेतला, की बाहुलीच्या कपड्याचा भास होतो. दागिने मात्र एकच, ठळक. पायात शाळेचे काळे पट्ट्याचे बूट आणि पांढरे मोजे. ते बहुतेकींच्या घरी कोपऱ्यात पडलेले असतात आणि या पोशाखाला त्याहून शोभणारी वस्तू दुकानात मिळत नाही.

आणि एक सावधगिरी. प्रत्येक खूण एकाच वेळी वापरू नये. फुगा, बो, लेस, झालर, नेट हे सगळे एकत्र आले की तो पोशाख राहत नाही, सोंग होते. घेर ठेवला तर बाही साधी, बाही फुगवली तर गळा साधा. गौर नेसवणाऱ्या बायका हा नियम फार पूर्वीपासून पाळतात. साडी भरजरी असेल, तर चोळी त्या साधी निवडतात.

गाठ पुढे, बटण मागे

आता पाठीवरच्या बटणांकडे वळू. आपली जुनी चोळी आठवा. तिला बटण नाही, हुक नाही. दोन टोके पुढे ओढून गाठ मारायची. नऊवारीला शिवणच नाही. निऱ्या, काष्टा, ओचा सगळे नेसणारीच्या दोन हातांनी. पोरवयात लादलेले असले, तरी त्या वेषात एक गोष्ट होती : एकदा शिकल्यावर बाई तो स्वतःच्या हातांनी घालू-काढू शके. पुढची गाठ तिच्या ताब्यात असे.

बाहुलीचा फ्रॉक नेमके हेच काढून घेतो. पाठीवरची चेन लावायला दुसरा माणूस लागतो. पाच वर्षांच्या मुलीला आई असते, ते ठीक. पण मोठ्या बाईने तसाच झगा तसाच शिवून घेतला, तर घाटाबरोबर बाहुलीची असहायताही शिवली जाते. आजच्या शिवलेल्या नऊवारीतही हे होते. निऱ्या आधीच शिवलेल्या, मागे चेन. नेसणे संपले, घालणे सुरू झाले. सोय झाली हे खरे, पण हात कमी झाले.

इब्सेनने १८७९ मध्ये 'डॉल्स हाउस' हे नाटक लिहिले. अनंत काणेकरांनी त्याचे 'घरकुल' नावाने मराठी रूपांतर केले. नावातले घर राहिले, बाहुली गळली. मूळ नाटकात बाहुली हा शब्द कळीचा आहे. वडिलांनी आणि नवऱ्याने आपल्याला बाहुलीसारखे वागवले, हे नोरा शेवटी बोलून दाखवते. पण त्याआधी ती एक साधी गोष्ट करते, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. नवऱ्याच्या हौसेने नाचासाठी घातलेला कोळिणीचा नटवा वेष ती आत जाऊन उतरवते आणि रोजचे कपडे घालून बाहेर येते. मगच ती बोलायला बसते. तिचे बंड त्या कपडे बदलण्यातच सुरू होते. दार नंतर वाजते. तो वेष वाईट होता म्हणून नव्हे. तो कुणासाठी घालायचा आणि केव्हा उतरवायचा, हे तिच्या हाती नव्हते म्हणून.

बाहुलीसारखा नटण्यावर घेतला जाणारा सर्वांत सबळ आक्षेप हाच आहे. अशा पोशाखातून बाईला पोर बनवून ठेवण्याची पुरुषी हौस भागवली जाते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. ती हौस आहे. पण तिचा बंदोबस्त झग्यावर बंदी घालून होणार नाही; ज्यांच्या नजरेत ती आहे, त्यांनी लुगड्यातल्या पोरीलाही सोडले नव्हते. प्रश्न झग्याच्या लांबीचा नाही, तो घालणारीच्या ताब्याचा आहे. आणि ताब्याची सोय शिवणीतच करता येते.

म्हणून शिंप्याकडे किंवा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे असा झगा टाकताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली, चेन पाठीवर नको. डाव्या कुशीत काखेखाली घ्या, नाहीतर पुढे बटणपट्टी काढा. काजे खरी हवीत, शोभेची नकोत. दुसरी, घेरात दोन्ही बाजूंना खिसे ठेवा. इतक्या चुण्यांत खिसा दिसतही नाही, आणि त्याला लागते वीतभर अस्तराचे कापड. बाहुलीला खिसा नसतो, कारण तिला कुठे जायचे नसते. या मुलीला एस.टी.चे सुट्टे पैसे, मोबाइल आणि घराची किल्ली ठेवायची आहे.